देव, दारू आणि रेशीम: प्रबोधनकाळातलं पौराणिक चित्र बघायचं कसं

इटलीतल्या प्रबोधनकाळाच्या चित्रांसमोर नवखा माणूस बहुतेक वेळा दोन ठिकाणी अडतो. एक तर तो शेजारची पाटी वाचतो, नावं घोकतो आणि खुद्द चित्राकडे जेमतेम नजर टाकतो. नाहीतर उघडी अंगं दिसली की चटकन पुढच्या दालनात सटकतो, त्यातून बरोबर आईवडील असले तर विचारायलाच नको. दोन्हींत मुख्य गोष्ट हातची जाते. ही चित्रं ग्रीक-रोमन पुराणातली असली तरी पूजेसाठी काढलेली नव्हती. राजेरजवाड्यांच्या आणि धनिकांच्या खाजगी दालनांत निवांत बघण्यासाठी, म्हणजे सरळ सांगायचं तर सुखासाठी, ती काढून घेतलेली होती.

म्हणून इथे क्रम थोडा उलटा ठेवला आहे. या विषयावरचे बरेच लेख प्रतीकांपासून सुरू होतात: शिंपला म्हणजे हे, कबुतर म्हणजे ते. मी प्रतीकं अगदी शेवटी, तीही थोडक्यात घेणार आहे. आधी डोळे, कान, कातडी.

पायरी १: एकच चित्र घ्या

सुरुवातीला पन्नास चित्रं बघू नका. व्हेनिसचा चित्रकार टिशियन याचं 'बॅकस आणि आरिआद्नी' घ्या. हे कॅनव्हासवरचं तैलचित्र १५२० ते १५२३ या काळातलं आहे आणि आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. गॅलरीच्या संकेतस्थळावर ते पार रंगाच्या भेगा दिसेपर्यंत मोठं करून बघता येतं. मोबाईल नको, लॅपटॉप किंवा टीव्हीचा पडदा वापरा.

त्याआधी एक छोटं काम करा. चित्र १७६.५ सेंटिमीटर उंच आणि १९१ सेंटिमीटर रुंद आहे. मोजपट्टी घेऊन तेवढा चौकोन घरातल्या भिंतीवर चिकटपट्टीने आखा. पुस्तकातल्या छोट्या छापील चित्राने जो गैरसमज होतो तो इथेच निम्मा जातो. तुम्ही समोर उभे राहिलात तर ही माणसं तुमच्या अंगावर येतील एवढ्या मापाची आहेत.

हे चित्र करवून घेतलं फेराराच्या ड्यूकने, आल्फोन्सो देस्तेने. तोफा ओतण्याची आवड असलेला हा लढवय्या माणूस आपल्या वाड्यातल्या एका खोलीसाठी त्या काळातल्या मोठमोठ्या चित्रकारांकडून मद्य आणि प्रेम या विषयांवरची चित्रं गोळा करत होता. वृद्ध जोव्हान्नी बेल्लिनीने १५१४ मध्ये 'देवांची मेजवानी' दिली. तिच्यात ग्रीक देव चक्क निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यांतून खातात! राफाएलला मद्यदेव बॅकसच्या विजययात्रेचं काम दिलेलं होतं, पण तो १५२० मध्ये वारला आणि बॅकस टिशियनकडे आला. या खोलीसाठी टिशियनची एकूण तीन चित्रं झाली. १५९८ मध्ये फेरारा पोपच्या ताब्यात गेलं, खोली रिकामी झाली, आणि आज ही चित्रं लंडन, माद्रिद आणि वॉशिंग्टनमध्ये विखुरलेली आहेत. आपण संग्रहालयात एकेकटं बघतो ते चित्र मुळात एका मैफलीतलं होतं, एवढं ध्यानात असू द्या.

पायरी २: गोष्ट जाणून घ्या, पण बेताचीच

क्रीटच्या राजाची मुलगी आरिआद्नी. तिने परदेशी वीर थीसियसला सुताचा गुंडा दिला. त्या सुताच्या मागाने तो भुलभुलैयातल्या अर्ध्या बैल, अर्ध्या माणसाला मारून बाहेर आला. तिला घेऊन निघाला आणि नाक्सोस बेटावर झोपलेली असतानाच तिला टाकून गेला. ती किनाऱ्यावर आक्रोश करत असताना मद्याचा देव बॅकस आपल्या गोतावळ्यासह तिथे येतो आणि बघताक्षणी तिच्या प्रेमात पडतो. पुढे तिचा मुकुट आकाशात तारे होऊन राहतो.

बस. चित्र उघडा आणि एवढं सगळं एकाच क्षणात कुठे कुठे आहे ते शोधा. डावीकडे अगदी दूर, नखाएवढं शीड दिसतं, तो थीसियस. वर डाव्या कोपऱ्यात ताऱ्यांचं कडं आहे, म्हणजे जे अजून घडायचंय तेही आकाशात आधीच हजर. मध्ये या दोघांची नजरानजर. टिशियनने ही सामग्री कॅटुलस आणि ओव्हिड या लॅटिन कवींकडून घेतली, पण कवीला जे एकामागून एक सांगावं लागतं ते त्याने एकाच वेळी समोर मांडलं.

पायरी ३: कान लावा

ही पायरी कुणी सांगत नाही, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. चित्रात आवाज करणाऱ्या गोष्टी मोजा. एक बाई हात उंच करून झांजा वाजवते आहे. मागे कुणीतरी डफासारखं वाद्य वर धरलंय. आणखी मागे शिंग फुंकलं जातंय. एक छोटा कुत्रा जीव तोडून भुंकतोय, कारण एक बकऱ्याच्या पायांचं पोर वासराचं तुटलेलं मुंडकं दोरीने ओढत चाललंय. ते पोर सरळ आपल्याकडे बघतं, जणू या सगळ्या गोंधळात आपल्याला एकट्यालाच त्याने हेरलंय. उजवीकडे एक जण वासराची तंगडी हवेत नाचवतोय. एका दांडगट पुरुषाने अंगाला साप गुंडाळले आहेत. रोममध्ये १५०६ मध्ये जमिनीतून निघालेलं, सापांनी वेढलेल्या लाओकूनचं संगमरवरी शिल्प कुणी पाहिलं असेल तर त्याला हा ओळखीचा वाटेल. सगळ्यांच्या मागे गाढवावर बसलेला बॅकसचा म्हातारा साथी सायलीनस दारू पिऊन झोपून गेलाय.

आता हा सगळा कल्ला कुठे थांबतो ते बघा. बॅकस आणि आरिआद्नी यांच्या मध्ये निळं आकाश आहे, आणि तिथे काहीही वाजत नाही. चित्राचा उजवा खालचा भाग माणसांनी, पानांनी, तपकिरी-हिरव्याने गच्च भरलेला. डावा वरचा भाग रिकामा, थंड, निळा. खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत तिरका कागद धरून आधी एक आणि मग दुसरा भाग झाका. प्रेमात पडण्याच्या क्षणाभोवती मोकळी जागा लागते, आणि ती जागा चित्रकाराने अशी मिळवली.

पायरी ४: अंगात आणून बघा

बॅकसकडे या. दोन चित्ते जुंपलेल्या रथातून त्याने झेप घेतली आहे, आणि अजून तो जमिनीला टेकलेला नाही. गुलाबी-लाल वस्त्र मागे फडकतंय. कवितेत त्याच्या रथाला वाघ आहेत, टिशियनने चित्ते घातले; आल्फोन्सोच्या पाळीव जनावरांत चित्ते होते असं सांगतात. हे दोन चित्ते एकमेकांकडे बघताहेत, मालकासारखेच.

आरिआद्नी आपल्याला पाठमोरी दिसते. एक हात समुद्राकडे, म्हणजे गेलेल्या जहाजाकडे आहे. अंग वळलेलं, मान मात्र आवाजाच्या दिशेला, या नव्या आगंतुकाकडे. आता कुणी बघत नसेल तर उठा आणि तशा उभ्या राहा. राहा म्हणजे खरंच राहा. कंबरेत पीळ बसेल, एका पायावर भार येईल, तोल जातोय असं वाटेल. दुःखाकडून इच्छेकडे जाताना शरीर जे करतं ते तुम्हाला पाटी वाचून कळणार नाही, कंबरेतून कळेल.

राजा रविवर्म्याची शकुंतला मराठी घराघरांत छापील चित्रांतून पोचलेली आहे. पायातला काटा काढण्याच्या मिषाने मागे वळून बघणारी ती शकुंतला ज्यांनी पाहिली, त्यांना वळलेल्या मानेतून मनातली ओढ वाचता येतेच. तैलरंगात पुराणकथा रंगवण्याची ती रीत रविवर्म्याने युरोपीय चित्रकलेतूनच घेतली होती. म्हणजे या वाटेवर तुम्ही अगदीच नवखे नाही.

पायरी ५: रंगाजवळ जा

आता चित्र शक्य तितकं मोठं करा आणि माणसं विसरून फक्त रंग बघा.

आकाशातला आणि आरिआद्नीच्या वस्त्रातला निळा हा लाजवर्द दगड कुटून केलेला आहे. तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून निघून, समुद्र ओलांडून व्हेनिसला यायचा. हा रंग अतोनात महाग होता आणि आल्फोन्सोच्या पाहुण्यांना ते दिसताक्षणी कळत असणार. तिच्या अंगावरचा लाल पट्टा हिंगुळाचा, म्हणजे पाऱ्याच्या लाल खनिजाचा आहे. झांजा वाजवणारीच्या नारिंगी वस्त्रात मनशीळ, म्हणजे आर्सेनिकचं नारिंगी खनिज आहे. हे आपल्या आयुर्वेदाच्या दुकानातले शब्द वाटतात, पण व्हेनिसमध्ये नुसते रंग विकणारे स्वतंत्र व्यापारी होते आणि दूरदूरच्या गावांतले चित्रकार माल घ्यायला तिथे येत. बॅकसच्या वस्त्रासारखा खोल लाल व्हेनिसचे चित्रकार किड्यांपासून काढलेल्या रंगाचे पातळ, पारदर्शक थर एकावर एक देऊन मिळवायचे. तेल सावकाश वाळतं, त्यामुळे कडा एकमेकींत मिसळता येतात. गाल कुठे संपला आणि सावली कुठे सुरू झाली ते सांगता येत नाही. टिशियनच्या चित्रांतली कातडी ऊबदार वाटते ती यामुळे.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस या चित्रावरचं पिवळं पडलेलं जुनं वॉर्निश काढलं, तेव्हा खालून एवढा झगझगीत निळा निघाला की बऱ्याच लोकांना तो रुचला नाही. मला विचाराल तर तो झगझगाटच बरोबर आहे. दारूच्या देवाच्या मिरवणुकीत मवाळपणा कशाला?

पायरी ६: आता शेजारी बोत्तिचेल्ली ठेवा

फ्लॉरेन्सचा चित्रकार बोत्तिचेल्ली याचं 'व्हीनसचा जन्म', म्हणजे प्रेमदेवतेचा जन्म, तुम्ही पाहिलेलंच आहे. निदान पिशवीवर किंवा चहाच्या कपावर तरी. साधारण १४८५ चं हे चित्र फ्लॉरेन्सच्या उफ्फित्सी संग्रहालयात आहे, रुंदी पावणेतीन मीटरहून थोडी जास्त. ओळखीचं झालंय म्हणूनच ते नीट बघायला कष्ट पडतात.

हे तैलचित्र नाही. अंड्यात कालवलेला रंग आहे, जो भराभर वाळतो आणि टिशियनसारखा मिसळत नाही. म्हणून बोत्तिचेल्लीचं सगळं सुख रेषेत आहे. व्हीनसच्या केसांची एक बट पकडा आणि ती मानेपासून मांडीपर्यंत कुठे जाते ते बोटाने पडद्यावर गिरवा. केसांत मधून मधून खऱ्या सोन्याच्या रेघा आहेत. डावीकडे गाल फुगवून वारा फुंकणारा झेफिर आणि त्याला बिलगलेली सखी, उजवीकडे फुलांचं वस्त्र घेऊन धावत येणारी ऋतुदेवता, मध्ये हवेत तरंगणारे गुलाब. समुद्राच्या लाटा म्हणजे नुसत्या छोट्या छोट्या टोकदार खुणा. व्हीनसची मान फार लांब आहे, डावा खांदा फारच उतरता आहे, आणि ती ज्या तऱ्हेने उभी आहे तशी खरी बाई पडेल. हे सगळं तिला वजन नसल्यासारखं करतं, आणि त्याचंच सुख आहे. वाऱ्याची झुळूक गालाला लागते, पण ही व्हीनस हात लावून बघावीशी वाटत नाही. टिशियनच्या बायकांबाबत असं म्हणता येणार नाही.

फोनवर दोन्ही चित्रं काळी-पांढरी करून बघा. बोत्तिचेल्ली बराचसा टिकतो. टिशियनचा जीवच जातो.

पायरी ७: उघड्या अंगाचं काय करायचं

लाज वाटली तर वाटू द्या. तो चित्राचाच भाग आहे. टिशियनची 'उर्बिनोची व्हीनस' घ्या, १५३८ ची, तीही उफ्फित्सीत आहे. पांढऱ्या चुरगळलेल्या चादरीवर पहुडलेली एक तरुणी सरळ आपल्याकडे बघते. हातात गुलाब, पायाशी झोपलेला कुत्रा, मागे दोन दासी पेटीतले कपडे शोधताहेत. विकत घेणारा ग्वीदोबाल्दो देल्ला रोव्हेरे आपल्या पत्रात तिला कुठल्या देवीचं नाव देत नाही, नुसतं 'नग्न स्त्री' म्हणतो. व्हीनस हे नाव नंतर चिकटलं. पुराणाचं नाव पुष्कळदा असं सोयीचं पांघरूण असायचं, हे एकदा कळलं की निम्मा संकोच जातो.

इथे तिच्या नजरेला नजर द्या आणि मग चादरीकडे या. हातातले गुलाब, चादरीच्या घड्या, कानातला मोती, मागचा गडद पडदा: टिशियन प्रत्येक पोत वेगळ्या हाताने रंगवतो. कातडी सर्वांत कमी रेषांची, म्हणून सर्वांत मऊ.

पण सगळंच असं गोड नाही. कोरेज्जो या चित्रकाराचं 'ज्युपिटर आणि आयो' साधारण १५३० च्या सुमाराचं, मांतुआच्या फेदेरिको गोंझागासाठी काढलेलं, आज व्हिएन्नाच्या कला-इतिहास संग्रहालयात आहे. देवांचा राजा ज्युपिटर ढग होऊन आयोकडे आला आहे: करड्या धुक्यात एक पुसट चेहरा तिच्या ओठांशी, आणि ढगाचाच एक जाडजूड पंजा तिच्या कुशीला. धुकं आणि कातडी यांचा असा स्पर्श दुसऱ्या कुणाला रंगवता आला असेल असं मला वाटत नाही. ओव्हिडच्या काव्यात मात्र आयो पळत असते आणि ज्युपिटर अंधार पाडून तिच्यावर बळजबरी करतो. कोरेज्जोने बळजबरीचं सुख करून टाकलं, कारण बघणारा गिऱ्हाईक पुरुष होता. चित्र सुंदर आहे आणि गोष्ट वाईट आहे. एकाने दुसऱ्याला झाकून टाकू नका. त्याच कोरेज्जोच्या 'लेडा'वर, जी आता बर्लिनमध्ये आहे, अठराव्या शतकात ऑर्लेआँच्या ड्यूकने सुरी चालवली आणि तिचं मस्तक नष्ट केलं. चित्रातल्या सुखाने माणूस किती बिथरू शकतो याचा तो पुरावा.

म्हातारपणी टिशियनने स्पेनच्या फिलिप दुसऱ्यासाठी ओव्हिडवरून चित्रमालिका केली. तिला तो 'काव्यं' म्हणायचा. १५५४ मध्ये त्याने राजाला कळवलं की आधीच्या चित्रातली डॅनी ही पुराणातली राजकन्या समोरून दिसत होती, म्हणून या नव्या चित्रात व्हीनस पाठमोरी आहे. एकाच खोलीत वेगवेगळ्या बाजू दिसल्या की बरं वाटतं. असं चोख व्यापारी बोलणं! पण त्याच मालिकेतली शेवटची 'युरोपा', आज बॉस्टनच्या गार्डनर संग्रहालयात असलेली, बघा. बैल झालेल्या देवाच्या पाठीवर ती कलंडलेली आहे, एका हाताने शिंग धरलंय, लाल वस्त्र हवेत, आणि मैत्रिणी दूर किनाऱ्यावर ठिपक्यांएवढ्या उरल्या आहेत. इथे सुख आणि भीती वेगळी काढता येत नाही, आणि टिशियनने काढायचा प्रयत्नही केलेला नाही.

पायरी ८: प्रतीकं

गुलाब आणि मर्टल नावाचं सदाहरित झुडूप व्हीनसचं. द्राक्षवेल बॅकसची. पंख असलेलं पोर म्हणजे प्रेमाचा छोटा देव क्युपिड. एवढ्यावर पुष्कळ चित्रं निभावतात. याहून जास्त हवं असेल तर ओव्हिडची 'मेटामॉर्फोसीज' वाचा, पण चित्र पाहून झाल्यावर.

पायरी ९: सराव

आठवड्याला एक चित्र, एका बैठकीत वीसेक मिनिटं. पहिली पाच मिनिटं काही वाचायचं नाही. वहीत चार ओळी लिहा: काय ऐकू येतं, काय हाताला लागतं, वास कशाचा, आणि डोळा परत परत कुठे जातो. जमेल तसं पेन्सिलने ओबडधोबड उतरवा. चित्र चांगलं यायला नको, फक्त हात त्या वळणांवरून जायला हवा.

तैलरंगाचा खरा पृष्ठभाग पडद्यावर कळत नाही. मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेली युरोपीय तैलचित्रं आहेत. तिथे टिशियन नाही, पण वॉर्निशची चमक, भेगा आणि थरांची खोली बाजूने वाकून बघायला मिळते. लंडनच्या नॅशनल गॅलरीत कायमच्या संग्रहाला तिकीट नाही, म्हणून तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी जेवणाच्या सुट्टीत एकाच चित्रासाठी जाऊन यावं. उफ्फित्सी सोमवारी बंद असतं. तिकीट आधीच काढा, नाहीतर उन्हात रांगेत उभं राहाल.

दुसऱ्या आठवड्यासाठी चित्रही सांगून ठेवतो: त्याच फेराराच्या खोलीतलं टिशियनचं 'अँद्रोसवासी', आता माद्रिदच्या प्रादोत. या बेटावर नदीतून पाण्याऐवजी दारू वाहते. एकाने काचेचा चंबू आभाळासमोर उंच धरलाय, उजव्या कोपऱ्यात एक उघडी तरुणी झोपलीय, आणि तिच्या जवळ एक पोर खुशाल त्या दारूच्या ओढ्यातच मुततंय. खाली पुढे एक कागद पडलाय. तो मोठा करून बघा: त्यावर स्वरलिपी आहे आणि फ्रेंचमध्ये लिहिलंय की जो पितो आणि पुन्हा पीत नाही, त्याला पिणं म्हणजे काय तेच ठाऊक नाही.